रिकाम्या रकान्याचं काय करायचं?

जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलला डिफॉल्ट मूल्य देणं हा एका ओळीचा विषय आहे, असं पुष्कळांना वाटतं. मूल्य आलं असेल तर ते घ्यायचं, आलं नसेल तर आपलं ठरलेलं घ्यायचं. त्यावर पुस्तिका लिहायला उरतं काय? उरतं ते 'आलं नसेल तर' या अटीत. काहीच न येणं, रिकामं येणं, शून्य येणं आणि 'नको' असं उत्तर येणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाला त्यांतला फरक न सांगता कळतो. जावास्क्रिप्टला तो थोडक्यात सांगता यावा अशी सोय व्हायला १९९५ ते २०२० एवढा काळ गेला, आणि त्या पंचवीस वर्षांत लिहिलेला कोड आजही चालू आहे.

एक उदाहरण घेऊ. एका छोट्या प्रकाशकाच्या संकेतस्थळावर दिवाळी अंक मागवायचा फॉर्म आहे. अंक टपालाने पाठवायचा खर्च नेहमी ५० रुपये. काही ठिकाणांसाठी तो वेगळा असतो, म्हणून आधी फॉर्मकडून आलेला खर्च बघायचा आणि तो आला नसेल तर ५० धरायचे. प्रोग्रामरने लिहिलं:

खर्च = आलेला_खर्च || नेहमीचा_खर्च

सगळं सुरळीत चालतं. मग पुण्यातला एक वाचक 'दुकानातून स्वतः नेईन' हा पर्याय निवडतो. त्याच्यासाठी आलेला खर्च आहे ०. बिलात मात्र ५० रुपये लागतात. एरर येत नाही, कन्सोलवर लाल अक्षरं दिसत नाहीत. चाचण्याही पास झालेल्या असतात, कारण चाचणी लिहिणाऱ्याने ३० पाठवून पाहिलेले असतात, ७० पाठवून पाहिलेले असतात, काहीच न पाठवता पाहिलेलं असतं. शून्य पाठवायचं कुणाच्या डोक्यात आलेलं नसतं. चूक कळते ती वाचकाचा फोन आल्यावर.

(उदाहरणातली नावं देवनागरीत आहेत ती केवळ छपाईच्या सोयीसाठी नव्हेत. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. वरची ओळ योग्य ती घोषणा आधी करून कन्सोलमध्ये टाकली तर ती चालेल. भाषेचे स्वतःचे शब्द मात्र रोमनच राहतात.)

दोन उभ्या रेघांचं हे चिन्ह 'किंवा'चं. सी भाषेत त्याचं उत्तर ० किंवा १ असंच येतं. जावास्क्रिप्टची रीत पर्ल आणि पायथनच्या जवळची आहे: डावीकडचं मूल्य 'खरं' धरण्याजोगं असेल तर ते मूल्यच जसंच्या तसं हाती येतं, नसेल तर उजवीकडचं येतं. म्हणूनच या चिन्हाचा डिफॉल्टसाठी उपयोग करता आला. गोची आहे ती 'खरं धरण्याजोगं' कशाला म्हणायचं यात. फॉल्स, शून्य, उणे शून्य, बिगइंटचं शून्य, रिकामी स्ट्रिंग, नल, अनडिफाइन्ड आणि नॅन ही सगळी मंडळी जावास्क्रिप्टच्या लेखी 'खोटी', म्हणजे फॉल्सी. जुन्या ब्राउझरांच्या काळातला डॉक्युमेंट-डॉट-ऑल नावाचा एक ऑब्जेक्टही, जुनी पानं मोडू नयेत म्हणून, याच यादीत ठेवलेला आहे. पण तो वेगळाच किस्सा. या यादीतले फक्त दोघे, नल आणि अनडिफाइन्ड, 'इथे काही नाही' असं म्हणतात. फॉल्स, शून्य आणि रिकामी स्ट्रिंग ही पूर्ण उत्तरं आहेत. नॅन म्हणजे आकडा काढायचा प्रयत्न झाला आणि फसला. इतक्या वेगळ्या गोष्टी एकाच माळेत ओवल्यावर त्या दुकानातून अंक नेणाऱ्या वाचकाला भुर्दंड बसला, यात नवल नाही.

मग इतकी वर्षं लोक हेच का लिहीत राहिले? याचं उत्तर भाषेच्या जन्मात सापडतं. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. वेबपानं बनवणाऱ्या हौशी माणसालाही ती झेपावी, अशी अपेक्षा होती. त्यामुळे भाषा तक्रारखोर नव्हती. तीन पॅरामीटर असलेल्या फंक्शनला एकच मूल्य देऊन हाक मारली तरी ती चालायची. उरलेल्या दोघांच्या जागी अनडिफाइन्ड बसायचं. म्हणजे ऐनवेळी काय नाही हे बघायची जबाबदारी फंक्शन लिहिणाऱ्यावर. आणि ती पार पाडायला भाषेत खास सोय काहीच नव्हती.

अनडिफाइन्डशी सरळ तुलना करावी, तर तेही निर्धोक नव्हतं. अनडिफाइन्ड हा या भाषेत राखीव शब्द नाही, ते एक ग्लोबल नाव आहे, आणि २००९ च्या ईएस ५ या भाषेच्या आवृत्तीपर्यंत त्या नावावर कुणीही दुसरं काही लिहू शकत असे. सावध माणसं म्हणून टाइपऑफ वापरून, उत्तरात आलेली स्ट्रिंग ताडून पाहत. हे लांबलचक, आणि प्रत्येक पॅरामीटरसाठी पुन्हा लिहायचं. त्यापुढे दोन उभ्या रेघा किती सुटसुटीत! डग्लस क्रॉकफर्ड यांच्या २००८ च्या 'जावास्क्रिप्ट : द गुड पार्ट्स' या पुस्तकातही डिफॉल्ट देण्याची हीच रीत दाखवलेली आहे. एकाच पानावर अनेक फाइली आल्या तरी एक सामायिक ऑब्जेक्ट फक्त पहिल्यांदा तयार व्हावा, यासाठीही हीच युक्ती वापरली जाई:

अंक = अंक || {}

इथे ती अगदी योग्य आहे, कारण वरचा डॉक्युमेंट-डॉट-ऑल सोडला तर ऑब्जेक्ट कधीच फॉल्सी नसतो. तेव्हा दोन रेघा वाईट, असं या पुस्तिकेत कुठेही म्हटलेलं नाही. जिथे शून्य, फॉल्स आणि रिकामी स्ट्रिंग यांना उत्तर म्हणून अर्थ नाही, तिथे त्या चालतात. ही अट न बघता सवयीने लिहिल्या, की घात होतो.

आता नल आणि अनडिफाइन्ड या जोडीकडे वळू. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत नल रेफरन्स आणला आणि २००९ मध्ये एका भाषणात ती आपली अब्ज डॉलरची चूक असल्याचं सांगितलं. इतर भाषांनी ती चूक एकदा केली, जावास्क्रिप्टने दोनदा. शाळेच्या हजेरीपटावर नाव असून पुढे 'गैरहजर' लिहिलेलं असणं म्हणजे नल, आणि पटावर नावच नसणं म्हणजे अनडिफाइन्ड. कल्पना म्हणून हा भेद वाईट नाही. पण भाषेने आणि ब्राउझरने तो एकसारखा पाळलेला नाही. ऑब्जेक्टमध्ये नसलेली प्रॉपर्टी मागितली की अनडिफाइन्ड मिळतं. मॅपमध्ये नसलेली की मागितली तरी अनडिफाइन्ड. पण लोकलस्टोरेजमध्ये नसलेली की मागितली, तर नल. पानावर नसलेला घटक त्याच्या आयडीने शोधला, तर नल. कोऱ्या रकान्याचं मूल्य विचारलं, तर या दोहोंपैकी काहीच नाही, रिकामी स्ट्रिंग. जेसनमध्ये नल आहे, अनडिफाइन्ड नाहीच. ऑब्जेक्टचं जेसन करताना अनडिफाइन्ड असलेली प्रॉपर्टी गळून जाते, आणि अॅरेमध्ये अनडिफाइन्ड असेल तर त्याच्या जागी नल येतो. भरीला नलचा प्रकार टाइपऑफने विचारला, तर उत्तर 'ऑब्जेक्ट' येतं. पहिल्या आवृत्तीतली ही चूक. जुना कोड मोडेल म्हणून ती तशीच ठेवली गेली.

तात्पर्य, डिफॉल्ट लिहिण्याआधी पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हे मूल्य येतंय कुठून? फॉर्ममधून, सर्व्हरकडून, साठवणीतून की दुसऱ्या फंक्शनकडून? 'नाही' हे सांगण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. चिन्ह कोणतं वापरायचं, हा प्रश्न त्यानंतरचा. पुस्तिकेची रचनाही म्हणूनच चिन्हांच्या क्रमाने नाही, मूल्य कुठून येतं या क्रमाने आहे.

२०१५ च्या ईएस ६ ने डिफॉल्ट पॅरामीटर आणले आणि फंक्शनपुरता मोठा भार हलका केला. फंक्शनच्या कंसातच बरोबरचं चिन्ह काढून ठरलेलं मूल्य लिहायचं. शून्य पाठवलं तर शून्यच राहतं, रिकामी स्ट्रिंग रिकामीच राहते. डिफॉल्ट लागू होतं ते फक्त अनडिफाइन्ड आल्यावर. पायथनमधून येणाऱ्यांसाठी एक सुखद गोष्ट: तिथे डिफॉल्ट मूल्य फंक्शन घडताना एकदाच तयार होतं, त्यामुळे डिफॉल्ट म्हणून दिलेली रिकामी लिस्ट प्रत्येक हाकेगणिक भरत जाते, जावास्क्रिप्टमध्ये ते दर हाकेला नव्याने तयार होतं. आधीच्या पॅरामीटरवरून पुढच्याचं डिफॉल्ट काढता येतं, उलट मात्र नाही.

पण 'फक्त अनडिफाइन्ड' ही अट पक्की लक्षात ठेवायला हवी. सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये वाचकाचा तालुका भरलेला नाही, म्हणून जेसनमध्ये तालुक्यासमोर नल आला. पत्त्याची चिठ्ठी बनवणाऱ्या फंक्शनमध्ये तालुक्याला रिकाम्या स्ट्रिंगचं डिफॉल्ट दिलेलं आहे. ते लागूच होत नाही, आणि पाकिटावर गावाच्या आणि जिल्ह्याच्या मधोमध 'नल' हे अक्षरशः रोमन लिपीत छापून येतं. ऑब्जेक्ट आणि अॅरे उलगडून घेताना दिलेली डिफॉल्टं हाच नियम पाळतात. स्प्रेड वापरून दोन ऑब्जेक्ट एकत्र करण्याची लोकप्रिय रीत तर याहून निष्काळजी आहे: नंतरच्या ऑब्जेक्टमध्ये एखादी प्रॉपर्टी अनडिफाइन्ड असली, तरी ती आधीच्या डिफॉल्टवर बोळा फिरवते. जेक्वेरी लायब्ररीचं एक्स्टेंड अनडिफाइन्ड मूल्यं वगळत असे. त्याची सवय झालेले स्प्रेडकडे आले की इथे हमखास ठेचकाळतात.

यानंतर २०२० साल उजाडलं आणि दोन प्रश्नचिन्हांचं ऑपरेटर आलं. नाव नलिश कोअलेसिंग, काम सरळ: डावीकडे नल किंवा अनडिफाइन्ड असेल तरच उजवीकडे बघायचं.

खर्च = आलेला_खर्च ?? नेहमीचा_खर्च

शून्य शून्यच राहिलं, पुण्याच्या वाचकाचं बिल दुरुस्त झालं. सोबत प्रश्नचिन्ह-टिंब, म्हणजे ऑप्शनल चेनिंगही आलं. २०२१ मध्ये या दोन प्रश्नचिन्हांना बरोबरचं चिन्ह जोडून ??= मिळालं; त्याने असलेल्या मूल्याला हात न लावता केवळ नसलेलं भरता येतं. ही कल्पना तोवर नवी राहिली नव्हती. सी-शार्पमध्ये ती २००५ पासून होती, पर्ल ५.१० ने २००७ मध्ये दोन तिरक्या रेघांनी तेच केलं, पीएचपी ७ ने २०१५ मध्ये. जावास्क्रिप्टमध्येच भाषांतरित होणाऱ्या कॉफीस्क्रिप्टमध्येही तशी सोय होती. मग जावास्क्रिप्टला एवढा उशीर का, असं विचारणारे भाषेचं प्रमाण ठरवणाऱ्या टीसी-३९ समितीला आळशी ठरवतात. मला ते पटत नाही. या भाषेत एकदा दिलेलं परत घेता येत नाही, कारण २००० साली लिहिलेलं पान आजच्या ब्राउझरमध्ये उघडलंच पाहिजे. दोन रेघांचा अर्थ बदलणं अशक्य होतं. नवं चिन्ह देणं एवढंच शक्य होतं, आणि तेही कायमचं. अशा ठिकाणी सावकाशी हवीच. समितीने एक शहाणपणही केलं: ?? आणि || एकाच पदावलीत कंसाशिवाय लिहिले, तर भाषा सरळ सिंटॅक्स एरर देते. सौम्यपणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या भाषेत ही सक्ती मला फार आवडते.

नवं चिन्ह आल्यावर काही ठिकाणी मात्र उलटा अतिरेक झाला. जुन्या कोडमधल्या सगळ्या दोन रेघा एका झटक्यात खोडून तिथे दोन प्रश्नचिन्हं घालण्यात आली. मग कोऱ्या रकान्यातून आलेली रिकामी स्ट्रिंग 'उत्तर' म्हणून पुढे गेली, आणि जिथे आधी 'अनामिक वाचक' असं दिसायचं, तिथे मोकळी जागा दिसू लागली. पूर्वी तिथे दोन रेघाच बरोबर होत्या.

मराठी वापरकर्त्यांशी थेट भिडणारं एक प्रकरण इथेच सांगून टाकतो, कारण परदेशी पुस्तकांत ते सहसा येत नाही. आपल्या फॉर्ममध्ये 'किती प्रती?' असा मजकुराचा साधा रकाना आहे. वाचक फोनच्या मराठी कीबोर्डवरून त्यात ५ असं देवनागरीत लिहितो. स्ट्रिंगचा आकडा करणाऱ्या नंबर या फंक्शनला देवनागरी अंक कळत नाहीत; उत्तर येतं नॅन. पार्सइंटचीही तीच गत. आता प्रोग्रामरने दोन रेघा लिहून डिफॉल्ट १ दिलं असेल, तर नॅन फॉल्सी असल्यामुळे डिफॉल्ट लागू होतं: पाच प्रती मागवणाऱ्याला एक प्रत जाते. दोन प्रश्नचिन्हं लिहिली असतील, तर नॅन हा नलही नाही आणि अनडिफाइन्डही नाही, तेव्हा तोच पुढे सरकतो आणि बिलाची बेरीज नॅन होते. यांतलं दुसरं मला बरं वाटतं, निदान चूक दिसते तरी. रकाना कोरा सोडला तर आणखी निराळं होतं: रिकाम्या स्ट्रिंगचा नंबरने आकडा केला की ० मिळतो, आणि दोन प्रश्नचिन्हांना ० मान्य असतो, म्हणून शून्य प्रतींची ऑर्डर नोंदली जाते.

गंमत अशी, की हीच भाषा देवनागरी अंक लिहू शकते. इंटल-नंबरफॉरमॅटला मराठीचं लोकेल देऊन आकडा छापायला सांगितला, तर ती ५० असंच देवनागरीत छापते. ते छापलेलं नंबरला वाचायला दिलं, की पुन्हा नॅन. उपाय अवघड नाही. देवनागरी अंक युनिकोडमध्ये ० ते ९ असे ओळीने बसलेले आहेत. आकडा करण्याआधी त्यांच्या जागी इंग्रजी अंक घालायचे, मग नॅन आला आहे का ते स्वतंत्रपणे तपासायचं, आणि त्यानंतर डिफॉल्टचा विचार करायचा. या क्रमात एकही ऑपरेटर आपोआप मदतीला येत नाही.

डिफॉल्ट सोडून नुसत्या अटीवर मूल्य ठरवायचं असेल, तर प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविरामाची टर्नरी आहे. तिचं घराणं जुनं. लिस्पचे जनक जॉन मॅकार्थी यांनी अट हीच मूल्य देणारी पदावली असावी ही कल्पना मांडली आणि अल्गोल ६० मध्ये ती यावी म्हणून आग्रह धरला. जावास्क्रिप्टकडे ती सीच्या पेहरावात आली. 'वर्गणीदार असेल तर सवलतीचा दर, नाहीतर छापील किंमत' यासाठी तिच्यासारखं दुसरं साधन नाही. एका टर्नरीच्या पोटात दुसरी आणि तिच्या पोटात तिसरी घालणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. तिथे इफ लिहावं, चार ओळी वाढल्या तर वाढल्या. दोन अँपरसँडचा वापर करून अटीवर मूल्य देणारेही पुष्कळ असतात. रिअॅक्टमध्ये 'टोपलीत अंक असतील तरच यादी दाखव' हे असं लिहिलं, की टोपली रिकामी असताना पानावर एक अनाथ ० उमटतो. फॉल्स, नल आणि अनडिफाइन्ड यांना रिअॅक्ट गिळून टाकतं, शून्य मात्र छापतं.

शेवटी एक मत, जे पुस्तिकेत जागोजागी डोकावेल. डिफॉल्ट काय असावं, हे ठरवणं बहुतेकदा प्रोग्रामरचं कामच नसतं. प्रती न सांगितल्यास एक धरावी, हे प्रकाशक ठरवू शकतो. पिनकोड न सांगितल्यास काय धरावं? काहीही नाही, तिथे थांबावं आणि विचारावं. रक्कम आली नाही तर ती शून्य धरणं म्हणजे अंक फुकट वाटणं. अशा जागी डिफॉल्ट देण्याचा मोह टाळून एरर फेकणं हेच योग्य. डिफॉल्ट पॅरामीटरच्या जागी एरर फेकणारं फंक्शन ठेवूनही ते साधता येतं. त्याची कृती तिसऱ्या प्रकरणात आहे. आपल्या कोडमधलं प्रत्येक डिफॉल्ट ज्याचं ते काम आहे त्याला एकदा वाचून दाखवा. 'असं कोण म्हणालं?' हा प्रश्न पहिल्या पाचांत एकदा तरी येतोच.

पुस्तिका वाचायला व्हेरिएबल, फंक्शन आणि ऑब्जेक्ट एवढी ओळख पुरे. शेजारी ब्राउझरचं कन्सोल उघडं ठेवा. प्रत्येक उदाहरणात शून्य, रिकामी स्ट्रिंग, फॉल्स, नल, अनडिफाइन्ड आणि नॅन हे सहाही घालून पाहा, आणि एंटर दाबण्याआधी उत्तर काय येईल ते कागदावर लिहून ठेवा. कागदावरचं आणि पडद्यावरचं उत्तर जिथे जुळणार नाही, ते प्रकरण आधी वाचा.